आमच्याकडे काहीच उरत नाही

खोटं बोलायचंच असेल तर माणसाने असं खोटं बोलावं, जे बघायला कोणी घरी येणार नाही. 'लहानपणी मी उत्तम पोहायचो' हे चांगलं खोटं आहे. 'मला गोड फारसं आवडत नाही' हेही खपून जातं. मी मात्र सांगितलं की माझ्या घरी बायोगॅस आहे.

सांगितलं कोणाला, तर खानावळवाल्या बाईंना, आणि तेही मोठ्या साहेबांच्या देखत. आमच्या कंपनीचं काम म्हणजे एक प्रकारची सोयरीक जुळवणंच आहे. एकीकडे ऊन, वारा, शेण, लाकडाचा भुसा आणि ओला कचरा. दुसरीकडे धोबीखाने, बेकऱ्या, वसतिगृहं. कोणाला किती ऊर्जा लागते आणि कधी लागते ते बघायचं, आणि त्याला झेपेल असं काहीतरी त्याच्या गळ्यात बांधायचं. धोबीखान्याला दिवसा गरम पाणी लागतं, त्याला ऊन द्या. बेकरीची भट्टी सूर्य उगवायच्या आत पेटते, तिला ऊन देऊन काय करायचंय? तिला भुशाच्या कांड्या द्या. मी जुळवलेलं एकही लग्न आजवर मोडलेलं नाही. एक शीतगृह आणि पवनचक्की यांचं जरा बिनसलं होतं, पण त्यात चूक वाऱ्याची होती.

खानावळवाल्या बाई म्हणजे आमच्या दृष्टीने चालून आलेलं सोनं. कारखान्यांच्या रस्त्यावर त्यांची खानावळ, दोन्ही वेळेला बाकं खच्चून भरलेली. सालं, देठं, ताटातलं उष्टं अशी पिंपंच्या पिंपं भरतात, आणि चुली तर दिवसभर ढणढणत असतात. बायोगॅसला याहून चांगलं सासर मिळायचं नाही. मी माझं नेहमीचं भाषण केलं, भिंतीवर चित्रं दाखवली. बाई हाताची घडी घालून ऐकत होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे हो. पण तुमच्या स्वतःच्या घरी आहे का हे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब असे बघतात की समोरच्याच्या तोंडून 'हो'च निघतं.

"आहे की!" मी म्हणालो. "आमचा सकाळचा चहा त्याच्यावरच होतो."

चहा मध्ये आणायची काही एक गरज नव्हती. पण खोटं एकदा तोंडातून सुटलं की त्याला तपशिलाची हौस येते.

"मग मी चहालाच येते," बाई म्हणाल्या. "ज्योत बघेन, वास येतो का बघेन, मग काय ते ठरवू."

"अवश्य, अवश्य!" साहेब म्हणाले. "मीही येतो. अहो, कमाल आहे तुमची, इतक्या दिवसांत कधी बोलला नाहीत!"

"सध्या टाकी साफ करायला काढली आहे," मी म्हणालो. "दीड-दोन महिन्यांनी या ना."

घरी बायकोला मी हे सांगितलं नाही. "लोकांना एक सांगायचं आणि आपल्या घरी मात्र सिलिंडर, हे काही तत्त्वाला धरून नाही," एवढंच म्हणालो. ती परसात कपडे वाळत घालत होती.

"तत्त्व ठेवणार कुठे?" तिने विचारलं.

"तुझ्या दोरीच्या जागी."

यावर ती जे बोलली ते तत्त्वाला अनुसरून नव्हतं. पण टाकीची ऑर्डर मी आधीच देऊन बसलो होतो.

टाकी बसवायला परवानगी लागते. माझ्या गिऱ्हाइकांच्या परवानग्या आमच्या ऑफिसातला दुसरा एक माणूस आणतो; त्याचा चेहरा नेहमी इतका थकलेला का असतो, ते मला पहिल्यांदा कळलं. नगरपालिकेत पाणीखात्याच्या खिडकीवर गेलो. "टाकीत पाणी आहे का?" "आहे, पण कालवलेलं." "मग ते सांडपाणी झालं, शेजारची खिडकी." शेजारच्या खिडकीने विचारलं, "बाहेर काय पडतं?" "खत." "मग उद्यानखातं." उद्यानखात्याने विचारलं, "जळतं का?" "म्हणजे काय, जळण्यासाठीच तर..." "मग अग्निशमन." अग्निशमनच्या साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि गंभीर आवाजात विचारलं, "आत नेमकं काय असतं?"

"जंतू."

"जिवंत?"

"जिवंत नसतील तर गॅस कसा होणार?"

त्यांनी मला पाळीव प्राण्यांच्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या बाई मात्र फार मायाळू निघाल्या. चावतात का, ओरडतात का, शेजाऱ्यांच्या अंगावर जातात का, हे सगळं त्यांनी आपुलकीने विचारलं आणि मी प्रत्येकाला खरं उत्तर दिलं. "मग काही हरकत नाही," त्या म्हणाल्या, "फक्त गळ्यात बिल्ला हवा." त्यांनी मला एक पितळी बिल्ला दिला. टाकीला गळा नसल्यामुळे तो मी झाकणाच्या कडीला अडकवला.

खरी अडचण वरच्या मजल्यावर होती. तिथे बॉयलरकाका राहतात. सगळी नोकरी त्यांनी एका गिरणीच्या बॉयलरखान्यात काढली आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना जगात सगळीकडे दाब दिसतो. दुधाच्या पातेल्यापासून ते माझ्या रक्तापर्यंत कशाचा ना कशाचा दाब वाढलेलाच असतो. टाकी गाडीतून उतरताना पाहून ते गॅलरीतूनच ओरडले, "काय आणलंत? गॅसबिस असेल तर आत्ताच सांगतो, माझ्या खिडकीखाली चालणार नाही. सगळ्या गल्लीच्या सह्या गोळा करीन!"

"छे, छे!" मी वर बघून म्हणालो. "पाण्याची टाकी आहे, काका."

"मग बिल्ला कसला त्याला?"

मी बिल्ल्याकडे पाहिलं. बिल्ल्यावर पंजाचं चित्र होतं.

"आत कासव सोडणार आहे," मी म्हणालो.

माणूस सुशिक्षित असला, त्याला घरदार असलं, ऑफिसात त्याच्या टेबलावर काच असली, तरी त्याच्या तोंडून असं वाक्य निघू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवसापासून काका कासवासाठी रोज कोबीचं एक पान आणून द्यायला लागले.

टाकी सुरू करायला आधी शेण लागतं. गावाबाहेरच्या गोठ्यातून ते मी माझ्या गाडीच्या डिकीतून आणलं. त्या प्रवासाबद्दल मी काही बोलणार नाही. गाडी अजून बोलते. ते शेण काकांची दुपारची झोप गाठून टाकीत कालवलं, आणि टाकी बसवणारा मला म्हणाला, "आता हिला रोज बादलीभर ओलं खाणं घाला. उपाशी ठेवू नका."

इथे माझ्या लक्षात आलं, की जगभराच्या सोयरिकी जुळवताना मी स्वतःच्या घरात कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या घरात काही उरत नाही. माझी बायको कुठलीही गोष्ट वाया जाऊ देत नाही. भोपळ्याच्या सालींची ती चटणी करते, कोथिंबिरीच्या काड्यांचं सार करते, शिळ्या पावाचा दुसऱ्या दिवशी असा काही पदार्थ करते की मूळ पावाला लाज वाटावी. आमची कचऱ्याची बादली भरायला आठवडा लागतो आणि त्यातही निम्मी चहाची पत्ती असते.

"आपल्याकडे काहीच उरत नाही," ती म्हणाली. अभिमानाने म्हणाली.

"अगं, मग थोडं उरव की."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला दारू प्यायला सांगितली आहे. आईने मात्र लेकासाठी प्रयत्न केला. जेवताना तिने अर्धा पाव ताटात बाजूला ठेवला, बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली आणि शेवटी खाऊन टाकला. "नाही रे जमत," ती म्हणाली.

तेव्हा मी बादली उचलली आणि समोरच्या वहिनींकडे गेलो. समोरच्या वहिनी म्हणजे गल्लीतलं आद्य स्वयंपाकघर. कोणाकडे बाळंतपण असो, पाय मोडलेला असो, वहिनींचा डबा पोचलाच म्हणून समजा. मी दारात उभा राहिलो. बादली पाठीमागे धरली होती, ती मग पुढे घेतली.

"वहिनी, काही उरलंसुरलं असेल तर द्याल का?"

"उरलंसुरलं? कशाला हो?"

गॅस म्हणावं तर काका सह्या गोळा करणार. कासव म्हणावं, तर कासव बादलीभर खात नाही, हे वहिनींना कळणार.

"घरी लागतं," मी म्हणालो आणि मान खाली घातली. मान मी खोटेपणामुळे घातली होती. पण नुसत्या मानेकडे बघून ती कशामुळे खाली गेली आहे ते ओळखता येत नाही.

वहिनींनी बादलीकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि कालची भाजी, थोडा भात असं काहीबाही त्यांनी बादलीत घातलं. घालताना त्यांचा हात जरा थबकला. "बादलीत कशाला नेता?" त्या हळूच म्हणाल्या. "उद्यापासून मी डब्यात देत जाईन."

दुसऱ्या दिवशी डबा आला. त्यात शिळं काही नव्हतं. गरम भात, दाट रस्सा, आणि वर फडक्यात गुंडाळलेला ताजा पाव. "आईंना आधी वाढा," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. तो डबा घेऊन मी परसात टाकीपाशी उभा राहिलो. रश्श्याचा वास असा सुटला होता की मलाच भूक लागली. पण बाई चहाला येणार होत्या. मी डबा टाकीत ओतला.

आई खिडकीत उभी होती. "अरे, अन्न आहे ते," एवढंच ती म्हणाली. मी रिकामा डबा धुवायला नळावर गेलो. ती लाज वेगळी होती. बादलीची लाज चारचौघांतली होती, तिला मी तोंड देत होतो. पण आईच्या त्या वाक्याला तोंड द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

पुढच्या आठवड्यात डबे वाढले. कोपऱ्यावरचा दुकानदार फाटकाला केळी अडकवून जाऊ लागला. एका सकाळी पायरीवर माझ्या मापाचे जुने बूट मिळाले. मी ऑफिसला निघालो की गल्लीतली माणसं बोलायची थांबत आणि मी पुढे गेलो की सुस्कारे ऐकू येत. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. डबे ती कामावर असताना येत. पण एकदा वहिनींनी तिला रस्त्यात गाठलंच. दोघींचं बोलणं मी फाटकाआडून ऐकलं.

"संकट कोणावरही येतं हो," वहिनी म्हणाल्या. "मन घट्ट ठेवा."

बायकोला वाटलं, आईच्या गुडघ्याबद्दल चाललं आहे. "हो ना," ती म्हणाली. "आता वयच झालं, चालायचंच."

"पण नोकरी आहे ना त्यांची अजून?"

"आहे, आहे. तिथे तरी काय, नुसतं बसायचंच असतं."

"अरेरे! म्हणजे बसवूनच ठेवलंय?" वहिनींनी तिचा हात हातात घेतला. "काही लागलं तर संकोच करू नका."

"कसला संकोच? तुम्ही काय परक्या आहात?" बायको म्हणाली आणि वहिनींचे डोळे भरून आले.

त्याच सुमाराला टाकीत गॅस धरला. एका सकाळी शेगडीला काडी लावली आणि भप् करून निळी ज्योत उभी राहिली. काय सांगू, इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकांना ज्योतीचं वर्णन करत होतो, पण स्वतःच्या ओट्यावर ती पाहिली तेव्हा मी घरभर हाका मारत सुटलो. एक कपभर चहा झाला आणि ज्योत विझली. एक कप! येणार होते साहेब, बाई. शिवाय घरचे तिघं. हिशोब साधा होता, टाकीला जास्त खायला घालायला हवं.

जे मी दुसऱ्या कुठल्याही माणसाला पहिल्याच दिवशी बजावलं असतं, ते मला तेव्हा आठवलं नाही. टाकीचं पोट माणसासारखंच असतं. एकदम कोंबलं तर अपचन होतं, आत सगळं आंबतं, आणि जो गॅस येतो तो पेटत नाही. बाई यायच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. त्यामुळे साऱ्या गल्लीने डबे दिले होते. बायको माहेरी गेली होती, मी एकही मागे ठेवला नाही. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी टाकीचं झाकण असं फुगून वर आलं की बॉयलरकाका गॅलरीतून म्हणाले, "कासव वाढलंय चांगलं!"

साहेब आणि बाई ठरल्या वेळी आले. बायकोने ठेवणीतले कप काढले होते. आई नवीन चादरीवर बसली होती. मी सगळ्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेलो, दोन शब्द बोललो, आणि काडी ओढली.

फुस्स.

शेगडीने काडी विझवली. मी दुसरी ओढली. तीही फुंकर मारल्यासारखी विझली. "सुरुवातीला जरा लाजते," मी म्हणालो. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. साहेब काड्यांच्या पेटीकडे बघत होते. पेटी संपत आली तेव्हा परसातून गुडगुड असा आवाज आला आणि मग सगळ्या घरात एक आंबट, जुना, शब्दांपलीकडचा वास पसरला. टाकीच्या बाहेरच्या तोंडातून फेस उतू जात होता. मी धावलो. वरून काकाही धावत खाली आले, नाकाला रुमाल लावून.

"कासव मेलं!" ते ओरडले. "मी सांगत होतो, दाब वाढलाय!"

"कुठलं कासव?" साहेबांनी विचारलं.

याचं उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडलं, तोच फाटकातून समोरच्या वहिनी आल्या. दोन्ही हातांत मोठं पातेलं होतं. "पाहुणे दिसले म्हणून जरा जास्तच आणलं," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर साहेबांच्या चकचकीत बुटांवर गेली. "तुम्ही यांचे साहेब का हो?"

"हो. का?"

"बरं झालं भेटलात. मी मध्ये बोलणारी कोण, पण राहवत नाही. अहो, हा माणूस रोज बादली घेऊन दारोदार उरलंसुरलं मागतो. घरात म्हातारी आई आहे. असं कसं चालवता तुम्ही ऑफिस?"

फक्त फेस बोलत होता. साहेबांचा चेहरा उतरला. ते माझ्या जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि ओल्या आवाजात म्हणाले, "अहो, मला आधी सांगायचं होतंत."

आता गंमत बघा. मी गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. शेगडी का पेटली नाही, हे कोणी विचारणारच नव्हतं. उपाशी माणसाला कोण विचारतं? मी गप्प बसायच्या बेतात होतोही. पण स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. हातात साखरेचं भांडं होतं आणि चेहऱ्यावरचा रंग पार गेला होता. जिने आयुष्यात एक देठ वाया घालवलं नाही, तिचं घर गल्लीच्या लेखी भिकेला लागलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पातेल्याकडे बघत होती.

"साहेब," मी म्हणालो, "आमच्या घरी खायला भरपूर आहे. मी उपाशी नाही. मी खोटं बोललो. माझ्या घरी बायोगॅस नव्हता. तुम्ही येणार म्हणून ही टाकी आणली. तिला घालायला घरात काही उरेना, म्हणून मी मागत फिरलो. कासव नाही. काका, कासव कधीच नव्हतं."

एका दमात बोललो. आता आभाळ कोसळेल म्हणून डोळे मिटून उभा राहिलो.

"पाहिलंत?" वहिनी साहेबांना म्हणाल्या. "असा स्वाभिमानी आहे माणूस. आपली लाज झाकायला काय काय गोष्टी रचतो!"

"खरंय," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "टाकीला कोणी जेवू घालतं का?" हे बायोगॅसच्या कंपनीचे मोठे साहेब म्हणाले.

काकांनी माझा हात दाबला. खानावळवाल्या बाई मात्र सगळ्यांकडे बघत होत्या, आणि चहा न घेताच निघून गेल्या.

बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी टाकीभोवतीचा फेस धुऊन काढत असताना ती मागे येऊन उभी राहिली. "सगळ्यांना जेवायला बोलवा," ती म्हणाली. "गल्लीला, तुमच्या साहेबांना आणि त्या बाईंनाही. मी रांधते."

सुट्टीच्या दिवशी तिने पहाटेपासून रांधलं, सिलिंडरवर. दोन भाज्या, रस्सा, भाताचं हे एवढं पातेलं, आणि वर गोड. परसात सतरंज्या टाकल्या. सगळे आले. सगळे जेवून आले होते.

"नुसती चव घेतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी पावाचा एक तुकडा पाण्याबरोबर गिळला. बॉयलरकाका, ज्यांना तिसऱ्यांदा वाढल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, ते पोटावर हात ठेवून म्हणाले, "दाब आहे जरा." वहिनींनी चमचाभर भात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "ठेवा हो, उद्याला होईल तुम्हाला." बायको पळी हातात घेऊन उभी होती. तिला वाढायला कोणी देईना. तिने पळी परत पातेल्यात ठेवली आणि मला वाटलं, आपण त्या टाकीत जाऊन बसावं आणि वरून झाकण लावून घ्यावं.

सगळ्यांत शेवटी बाई आल्या. पानावर बसल्या आणि म्हणाल्या, "वाढा." बायकोने वाढलं. त्या जेवल्या. "अजून." पुन्हा जेवल्या. गोड दोनदा मागून घेतलं. मग हात पुसत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घर भरलेलं आहे हो हे. कोणी काय वेडं झालंय?"

"तुम्हाला काय माहीत?" वहिनी म्हणाल्या.

"जन्मभर वाढतेय मी. पोटाला कमी असलेलं माणूस वाढताना पातेल्यात बघतं. ह्या मात्र माझ्या पानाकडे बघत होत्या." मग त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणजे तुम्ही खोटं बोललात, ते खरं."

"हो," मी म्हणालो.

"बरं. टाकी माझ्याकडे बसवा. मोठी आणा, माझ्याकडे खाणं मुबलक आहे. पण बसवताना दुसरं कोणीतरी बोलायला पाठवा. तुम्ही नुसते नट आवळायचे पाने घेऊन या."

हसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण कोणी हसलं नाही, कारण एकेकाच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं होतं. सगळ्यांत आधी वहिनींच्या.

"म्हणजे माझे डबे..." त्या म्हणाल्या. "तो गरम रस्सा. फडक्यातला तो ताजा पाव. ते सगळं तुम्ही त्यात ओतलंत?"

त्यांनी टाकीकडे बोट केलं. माझी मान खाली गेली. या वेळी ती कशामुळे गेली, हे सगळ्यांना कळलं.

वहिनींनी बायकोच्या हातातल्या पळीकडे पाहिलं. मग त्यांनी आपलं पान पुढे सरकवलं. "वाढा मला," त्या बायकोला म्हणाल्या. "पोटभर वाढा." त्यांच्या मागोमाग काका म्हणाले, "मलाही. भाताने सुरुवात करा." साहेबांनी बाह्या सरसावल्या. मग सगळी गल्ली जेवली. काय जेवली! माझ्याकडे न बघता, जणू प्रत्येक घासाने काहीतरी वसूल करत जेवली. बायको धावत होती, वाढत होती, तिच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता.

मला कोणी बस म्हणालं नाही. मी भांडी गोळा केली आणि नळावर जाऊन घासायला लागलो. जरा वेळाने वहिनी आपलं ताट घेऊन आल्या. ते माझ्यासमोर ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"आईंना तरी दिलंत का त्यातलं काही? कधी तरी?"

मी काही बोलायच्या आत पायरीवरून आईचा आवाज आला. "हा कशाला देतोय? हा हात धुवायला गेला की मीच वाटीभर काढून घ्यायचे. रस्सा तर तू फार छान करतेस गं. फक्त मीठ जरा जपून घाल."

वहिनींनी आईकडे पाहिलं. रडतील की हसतील ते सांगता येत नव्हतं. मग त्या आईजवळ जाऊन पायरीवर बसल्या आणि दोघींचं मिठावर बोलणं सुरू झालं. मध्येच एकदा त्यांनी मान वळवून माझ्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं.

"ते बुडापासून घासा," त्या म्हणाल्या. "माझं आहे."